करिकालनाचा खून आणि करिकालन

कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ वाचून झाली असं कुंभकोणममध्ये कुणाला सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग तुमच्या मते करिकालनाला कुणी मारलं? मी उतरले होते त्या लॉजच्या मॅनेजरने तो विचारला, बसमध्ये शेजारी बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारला, आणि दोघांकडेही स्वतःचं उत्तर तयार होतं. एकाच्या मते पांड्यांचे हेर, दुसऱ्याच्या मते काका. हजार वर्षांहून जुन्या खुनाबद्दल इतक्या आपलेपणाने बोलणारा मुलूख मी दुसरा पाहिलेला नाही. (शनिवारवाड्याच्या आसपासचं पुणं सोडून, त्याकडे पुढे येते.) मारला गेला तो माणूस कसा होता, हे मात्र कुणी विचारत नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे, कारण माझ्या मते कल्कींनी तो विचारला होता आणि त्यांच्या वाचकांनी, पुढच्या कादंबरीकारांनी आणि चित्रपटाने तो बाजूला सारला.

ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आदित्य करिकालन हा सुंदर चोळाचा थोरला मुलगा. कुंदवै त्याची बहीण, आणि अरुळमोळीवर्मन, म्हणजेच पुढे तंजावरचं बृहदीश्वर मंदिर बांधणारा पहिला राजराज, हा त्याचा धाकटा भाऊ. चेवूरच्या लढाईत त्याने वीर पांड्याचा पाडाव केला. इ. स. ९६९च्या आसपास त्याचा खून झाला. गादी धाकट्या भावाकडे आली नाही, ती वडिलांच्या चुलतभावाकडे, उत्तम चोळाकडे गेली. राजराज राजा झाला तो ९८५मध्ये. खून कुठे झाला, कसा झाला, हे कोणताही लेख सांगत नाही.

कुंभकोणमचं नागेश्वरन मंदिर करिकालनाच्याही आधीचं आहे. गर्भगृहाच्या बाहेरच्या कोनाड्यांत जवळजवळ माणसाच्या उंचीच्या स्त्री-पुरुषांच्या मूर्ती आहेत. त्या देवांच्या वाटत नाहीत. काही कलाभ्यासक त्यांना राजघराण्यातल्या व्यक्ती मानतात. नावं एकाचीही सांगता येत नाहीत. याच मंदिराच्या भिंतींवर करिकालनाच्या मोजक्या राजवर्षांतले लेख आहेत. पण त्यांत ‘आदित्य’ हे नाव शोधू गेलं तर सापडत नाही. तिथे असतो ‘पांड्याचं डोकं घेणारा परकेसरी’. परकेसरी ही चोळ राजे आलटूनपालटून घेत ती पदवी, आणि डोकं घेणं ही याची ओळख. दानपत्रं अगदी साधी असतात, जमिनीची, दिव्याच्या तुपाची, नैवेद्याची. त्या प्रत्येकाच्या माथ्यावर कुणाचं तरी कापलेलं डोकं टांगलेलं असतं. तिरुवालंगाडूचा ताम्रपट राजेंद्र चोळाच्या काळातला, म्हणजे खुनानंतर निदान दोन पिढ्यांचा. तोही हेच सांगतो, की या राजपुत्राने पांड्याचं डोकं आपल्या नगरीत विजयस्तंभासारखं उभारलं. त्यानंतरच्या ओळीत तो स्वर्ग पाहायला निघून जातो. खुनाचा उच्चार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी वाटते. ज्या वीर पांड्याचं डोकं गेलं, तो स्वतःच्या लेखांत ‘चोळाचं डोकं घेणारा’ अशी पदवी लावत होता. म्हणजे आधी पांड्याने कुणा चोळाचं डोकं घेतलं, मग चोळाने त्या पांड्याचं, आणि मग कुणीतरी या चोळाचा जीव घेतला. ‘डोकं घेणं’ म्हणजे खरोखर शिरच्छेद की निव्वळ शरण आणणं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पदवी म्हणून ते अभिमानाने मिरवलं जात होतं एवढं नक्की. साखळीतल्या पहिल्या माणसाचं, त्या ‘चोळा’चं, नावही पदवीत नाही. त्याचा मारेकरी माहीत आहे. मेलेला कोण, हेच ठाऊक नाही. आपण रहस्यकथा वाचतो त्याच्या अगदी उलट हे प्रकरण आहे.

खुनाचा उल्लेख स्पष्टपणे येतो तो एकाच ठिकाणी, काट्टुमन्नारकोविलजवळच्या उडैयारगुडीच्या अनंतीश्वर मंदिरातल्या शिलालेखात. राजराजाच्या दुसऱ्या राजवर्षातला हा लेख आहे, म्हणजे खुनाला तोवर सोळा-सतरा वर्षं झाली होती. लेखात सोमन, रविदासन ऊर्फ पंचवन ब्रह्माधिराजन, त्याचा भाऊ परमेश्वरन ऊर्फ इरुमुडिचोळ ब्रह्माधिराजन अशी नावं येतात, आणि त्यांच्यासाठी शब्द वापरला आहे तो मराठी वाचकाला भाषांतराशिवाय कळतो : द्रोही. पण हा लेख म्हणजे निवाडा नव्हे. साक्षी नाहीत, हेतू नाही, कबुली नाही, देहदंडाचाही उल्लेख नाही. द्रोह्यांच्या जमिनी जप्त कराव्यात असं राजाचं पत्र वीरनारायण चतुर्वेदिमंगलमच्या सभेला आलं. त्या जमिनींपैकी काही एकाने विकत घेतल्या आणि मंदिरात अन्नदानासाठी लावून दिल्या. तो व्यवहार पक्का व्हावा म्हणून हे सारं दगडावर कोरलं गेलं. आपल्याकडच्या भाषेत बोलायचं तर हा खुनाचा खटला नाही, सातबाऱ्यावरची नोंद आहे. चोळांच्या सर्वांत गाजलेल्या खुनाची बातमी आपल्यापर्यंत पोचली ती जमिनीचा मालक बदलला म्हणून.

नीलकंठ शास्त्रींनी हा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या एकविसाव्या खंडात प्रसिद्ध केला आणि संशयाची दिशाही सुचवली : उत्तम चोळाच्या सगळ्या कारकिर्दीत कारवाई झाल्याचं दिसत नाही, मग त्याचा हात नसेल असं कसं म्हणावं? त्यांना विरोध केला तो टी. व्ही. सदाशिव पंडारत्तार यांनी. हे कुंभकोणमजवळच्या तिरुप्पुरंबियमचे. कुंभकोणमच्या बाणादुरै हायस्कुलात त्यांनी अनेक वर्षं तमिळ शिकवलं, नंतर ते अण्णामलै विद्यापीठात गेले. त्यांचं म्हणणं साधारण असं, की काकाच खुनी असता तर राजराजाने पुढे त्याच्याच मुलाला मंदिरांच्या देखरेखीचं मानाचं काम दिलं नसतं. शास्त्री इंग्रजीत लिहीत, पंडारत्तार तमिळमध्ये. म्हणून तमिळनाडूबाहेर शास्त्रींचा संशय पोचला आणि पंडारत्तारांचं उत्तर गावातच राहिलं. बहुभाषी नियतकालिकात लिहिताना हे नोंदवून ठेवायला हवं : संशयाला भाषांतर मिळतं, खुलाशाला मिळतंच असं नाही.

या चार-दोन नावांचं पुढे जे झालं ते मला अस्वस्थ करतं. ‘ब्रह्माधिराजन’ हा ब्राह्मण अधिकाऱ्यांना दिला जाणारा किताब. त्यावरून हा खून एका जातीने केला असं म्हणणारे आज पुष्कळ आहेत, आणि तसं म्हणताच चवताळून उठणारेही तितकेच. लेख इतकं बोलत नाही. ‘पंचवन’ हा शब्द पांड्याकडे बोट दाखवतो, पण ‘इरुमुडिचोळ’ हा किताब चोळांच्याच नावाचा आहे. म्हणजे ही माणसं बाहेरून भिंत चढून आलेली नव्हती; दरबाराच्या पटावर त्यांची नावं होती. ज्यांना राज्याने किताब दिले त्यांनी राज्याच्या वारसाला मारलं, हा प्रश्न राज्यसंस्थेला विचारायचा आहे. तो जातीकडे वळवला की राज्यसंस्था सुटते. आणि करिकालन पुन्हा कुणाच्या तरी हातातलं कापलेलं डोकं होतो.

आता कल्की. रा. कृष्णमूर्ती हे त्यांचं खरं नाव. जन्म मायिलाडुतुरैजवळच्या पुत्तमंगलमचा, म्हणजे ते याच कावेरीकाठचे. ‘पोन्नियिन सेल्वन’ १९५० ते १९५४ अशी साडेतीन वर्षं त्यांच्याच ‘कल्की’ साप्ताहिकात क्रमशः आली. कादंबरी आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी वीरनारायण तळ्याच्या काठाने घोड्यावरून चाललेल्या वंदियदेवनापासून सुरू होते, आणि थोड्याच प्रकरणांत तो कुडंदैला, म्हणजे कुंभकोणमला, एका ज्योतिषाच्या घरात धडकतो. तिथे कुंदवै बसलेली असते. आकाशात धूमकेतू आहे, राजघराण्यात कुणीतरी मरणार अशी बोलवा आहे. म्हणजे मरण आधीच जाहीर झालेलं; वाचकाने फक्त वाट पाहायची.

कादंबरीच्या साऱ्या धामधुमीत करिकालन पुष्कळ काळ पडद्याआड, कांचीला असतो. पण तो बोलू लागतो तेव्हा कल्कींनी काय केलंय ते ध्यानात येतं. शिलालेखांनी ज्याला बिरुद म्हणून मिरवलं, तेच त्यांनी या माणसाच्या उरावर ठेवलं. जखमी वीर पांड्य झोपडीत पडला आहे, जिच्यावर लहानपणापासून जीव जडला ती नंदिनी त्याच्या प्राणांची भीक मागते आहे, आणि करिकालन ते डोकं उडवतो. त्यानंतर त्याला झोप नाही. चिडखोर, उतावळा, स्वतःच्या तलवारीला भ्यालेला असा हा राजपुत्र कडंबूरच्या वाड्यात जातो तेव्हा तो मरायलाच चालला आहे हे आपल्याला कळतं, आणि बहुधा त्यालाही. नंदिनी इतिहासात नाही. पण ती आणून कल्कींनी एक असा प्रश्न विचारला जो कोणत्याही लेखात नव्हता : डोकं घेणाऱ्याला त्या डोक्याचं पुढे काय होतं? ऐतिहासिक कादंबरीने वीराला पश्चात्ताप देणं ही त्या दशकात सोपी गोष्ट नव्हती. आजही नाही.

खुनाचा प्रसंग त्यांनी अंधारात घडवला आहे, शब्दशः. दिवा विझतो, आणि नंतर राहतं ते प्रेत. त्यावर वंदियदेवनाला पकडतात. वृद्ध पळुवेट्टरैयर म्हणतो मी मारलं. वंदियदेवनावर जीव टाकणारी मणिमेकलै म्हणते मी मारलं, आणि त्या कबुलीखाली तिचं मनच ढासळतं. आरोप करणारे कमी आणि तो अंगावर घेणारे जास्त, अशी ही विचित्र रहस्यकथा आहे. कल्कींनी उत्तर दिलं नाही याबद्दल वाचक तेव्हाही कुरकुरले असावेत. शेवटी त्यांनी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं एक निवेदन जोडलं आहे, त्याचा सूर तरी तसाच लागतो. मला मात्र हे न देणं पटतं. दगडात जे नाही ते त्यांनी पुष्कळ घातलं, पण दगडाने जे सांगितलं नाही ते ठासून सांगितलं नाही. तक्रार करायचीच तर वेगळी करेन : मेलेल्याच्या शोकाला कादंबरीत जागा फार कमी आहे. खून झाल्याबरोबर कथानक गादी कुणाला मिळणार याकडे धाव घेतं. अरुळमोळीचा त्याग हा शेवटच्या भागाचा कळस आहे, त्या भागाचं नावच ‘त्यागाचं शिखर’. आणि थोरल्या भावाच्या मरणाचा उपयोग धाकट्याला थोर करण्यासाठी होतो. तिरुवालंगाडूच्या ताम्रपटानेही हेच केलं होतं.

मणिरत्नम यांचे दोन चित्रपट २०२२ आणि २०२३मध्ये आले, तेव्हापासून या भागात चोळांच्या सहली निघू लागल्या. चित्रपटात विक्रमचा करिकालन अधिक जागा व्यापतो, हे मान्य. पण कडंबूरच्या वाड्यातलं त्याचं मरण तिथे जवळजवळ त्याने स्वतःच ओढवून घेतलेलं आहे. नंदिनीच्या हातातल्या खंजिराला तो आपण होऊन सामोरा जातो. दृश्य देखणं आहे. मात्र त्या देखणेपणात खून उरतच नाही, प्रेमकथेचा शेवट उरतो. रविदासन आणि त्याचे भाऊबंद निव्वळ पार्श्वभूमीला कुजबुजतात. नंतरच्या एका तमिळ कादंबरीने तर संशय थेट कुंदवैवर नेला आहे.

इथे मला आमचं प्रकरण आठवतं, आणि ते आठवायला कुंभकोणम ही काही आडवाट नाही. बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव इथलेच, जन्म १८२८चा. तंजावरच्या भोसल्यांनी १८०३मध्ये आपल्या कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला तो राजराजाच्याच मंदिराच्या भिंतीवर. त्या मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. इथेही काका आहे. इथे कागद भरपूर आहेत, रामशास्त्र्यांनी केलेली चौकशी आहे, सुमेरसिंग गारदी, तुळाजी पवार अशी हत्यारं चालवणाऱ्यांची नावं आहेत. तरी मराठी माणसाला विचारलं तर तो काय सांगतो? ‘ध’चा ‘मा’ केला. कुणी केला? आनंदीबाईने. ज्या कागदावर हा एका अक्षराचा फरक झाला म्हणतात तो पुराव्यात कुठे उभा राहत नाही, आनंदीबाईचा हात सिद्ध झालेला नाही. पण गोष्ट ठाम आहे.

दोन भाषा, आठशे वर्षांचं अंतर, आणि दोन्हीकडे प्रेताशेजारी एक बाई उभी केलेली. लेखांत नि कागदांत किताबवाले आणि पगारी पुरुष आहेत. लोकांच्या आठवणीत नंदिनी आहे, आनंदी आहे, आता कुंदवैही. एक काल्पनिक, दुसरी खरी, तिसरी खरी असूनही काल्पनिक केलेली. बाई आणली की राजकारणाला हेतू शोधावा लागत नाही. द्वेष किंवा हाव पुरते. कल्कींची नंदिनी यांत सर्वांत गुंतागुंतीची आहे हे खरं, पण तिने जी वाट पाडली तिच्यावरून नंतर पुष्कळ भिकार गाड्या गेल्या.

आणि नारायणराव? खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’चा जीव रामशास्त्री, राघोबा आणि आनंदीबाई यांच्यात आहे. ज्याच्या खुनावर नाटक उभं राहिलं तो अठरा वर्षांचा मुलगा मराठी साहित्यात ‘काका, मला वाचवा’ एवढंच बोलतो. त्याला वाचवायला आडवा पडलेला सेवक चाफाजी टिळेकर, त्या गोंधळात मेलेल्या दासी, यांना तेवढंही वाक्य नाही. गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. मुलगा १८ एप्रिल १७७४ला पुरंदरावर झाला. त्या साडेसात महिन्यांवर एखादी कादंबरी व्हायला हवी होती. झाली ती गोष्ट बारभाईंच्या मुत्सद्देगिरीची.

इंग्रजीत हॅली रुबेनहोल्ड यांचं ‘द फाइव्ह’ २०१९मध्ये आलं, त्याने या प्रकारच्या लिखाणाला चांगलाच धक्का दिला. लंडनमध्ये १८८८ साली मारल्या गेलेल्या पाच बायका; शंभरावर वर्षं जग त्यांच्या मारेकऱ्याला टोपणनाव देऊन त्याचा शोध घेत बसलं. रुबेनहोल्ड मारेकऱ्याकडे ढुंकून पाहत नाहीत आणि खुनाचं वर्णनही करत नाहीत. त्या पाचजणींची घरं, नोकऱ्या, लग्नं, दारू, मेलेली मुलं, वर्कहाऊसमधल्या रात्री सांगतात. शेवटी त्यांच्या अंगावर सापडलेल्या वस्तूंची यादी देतात. मला हे पुस्तक फार मोलाचं वाटतं. पण ते उभं राहतं इंग्लंडच्या नोंदवह्यांवर, जनगणनेवर, वर्कहाऊसच्या दप्तरावर. गरिबांवर पाळत ठेवणाऱ्या राज्याने गरिबांची चरित्रं नकळत जपून ठेवली. दहाव्या शतकातल्या चोळ राजपुत्राचं असं दप्तर नाही, गंमत म्हणजे तो राजपुत्र असूनही. त्याच्याबद्दलची मूळ सामग्री सांगायची तर एक बिरुद, काही दानं, एक जप्ती.

एक गोष्ट मात्र तंजावरच्या मंदिरात आहे. कुंदवैने तिथे बसवलेल्या मूर्तींचा लेख. त्यांत ‘सोन्याच्या महालात निजलेला’ असा उल्लेख असलेल्या वडिलांची मूर्ती आहे, आईची मूर्ती आहे. त्या लेखात थोरल्या भावाची मूर्ती नाही. याचा अर्थ लावायचा मोह होतो. कादंबरीकारांना तो होणारच. मी लावत नाही. पण करिकालनाच्या चरित्राची सुरुवात मला करायला सांगितली तर ती मी चेवूरच्या रणांगणापासून किंवा कडंबूरच्या वाड्यापासून करणार नाही; बहिणीच्या या यादीपासून करेन.

आणि मराठीत या विषयावर आधी काय यावं असं विचाराल तर उडैयारगुडीचा लेख यावा, पंडारत्तारांच्या त्यावरच्या विवेचनासह. लेख लहान आहे. जप्ती फक्त द्रोह्यांवर नाही : त्यांचे भाऊ, बायका, चुलते, मुलगे, त्यांना मुली देणारे, आईचे भाऊ, बहिणींचे नवरे, मुलींचे नवरे, सगळे त्यात ओढले आहेत. सोळा-सतरा वर्षांपूर्वीच्या एका खुनासाठी, ज्यात त्यांचा हात होता असं लेखही म्हणत नाही, ही माणसं घरादाराला मुकली. त्यांची नावं नाहीत, फक्त नाती आहेत. इंग्रजी भाषांतरात प्रत्येक नात्यासाठी अर्धं वाक्य खर्ची पडतं आणि ती माणसं कायद्याच्या कलमासारखी दिसू लागतात. मराठीत ते सरळ लिहिता येतं : चुलते, सासरे, मामे, मेहुणे, जावई.